टपालावर जगलेलं बेट

नकाशात शोधायला गेलात तर भिंग घ्यावं लागेल. कॅरिबियन समुद्रात, सेंट मार्टिनच्या दक्षिणेला, सेबा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम दोन हजार. झेंडा डच, बोली मात्र इंग्रजी. आणि गंमत म्हणजे हॉलंडसारख्या सपाट देशाचं सर्वात उंच शिखर या ठिपक्यावर आहे, पावणेनऊशे मीटरच्या आसपास! लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तिच्या आग्रहामुळे आम्ही दोघं तीन रात्री तिथे राहून आलो. ४०० मीटरच्या धावपट्टीवर विमान कसं उतरतं, ते नातवंडांना फोनवर सांगून झालंय. असो. आज लिहायचंय ते वेगळंच.

सेबाला किनारा असा नाहीच. चहूबाजूंनी उभे कडे. पूर्वी लॅडर बे इथे होडीतून खडकावर उडी मारायची आणि दगडात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्या चढायच्या. पिठाची पोती, लाकूडफाटा, आजारी माणूस, सगळं डोक्या-खांद्यावरून. पियानोसुद्धा असाच वर गेला म्हणतात. उभ्या उतारावर मोठे मळे होणं शक्य नव्हतं, तरी गुलामगिरी इथेही होती. डच वसाहतींमधली ती १ जुलै १८६३ रोजी संपली. पुढे पोट भरायला पुरुष बोटींवर गेले, आणि विसाव्या शतकात कुरासाव आणि अरुबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत. मागे उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. आमच्या कोकणातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गिरणीतली मनीऑर्डर म्हणजे काय, ते त्यांनी घरात पाहिलंय.

पण या बायका नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. १८७० च्या दशकात गर्ट्रूड जॉन्सन नावाची मुलगी व्हेनेझुएलात काराकासला जोगिणींच्या मठात शिकायला गेली आणि एक कला घेऊन परतली. कापडातले ठरावीक धागे उपसायचे आणि उरलेले सुईनं बांधून जाळीदार नक्षी करायची. तिनं ती इतरजणींना शिकवली. १८८४ मध्ये बेटावर टपालाची सोय झाली, आणि या बायकांच्या डोक्यातून काय निघावं? अमेरिकेहून येणाऱ्या मालावर कंपन्यांचे पत्ते असत. त्या पत्त्यांवर त्यांनी पत्रं धाडली, की आम्ही अशी लेस करतो, आपल्याकडच्या लोकांना कळवावं. ऑर्डरी येऊ लागल्या. १९२८ च्या सुमारास वर्षाला पंधरा हजार डॉलरांची लेस बाहेर जात होती. जाहिरात नाही, दुकान नाही, भांडवल म्हणजे सुई आणि तिकीट. हे वाचलं तेव्हा मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

आता रस्त्याची गोष्ट. पर्यटकांना हीच सांगतात. डच इंजिनियर म्हणाले, इथे रस्ता होणे नाही. तेव्हा जोसेफस लँबर्ट हॅसेल नावाच्या सुतारानं पत्रद्वारे स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि १९३८ मध्ये काम सुरू झालं. यंत्रं नव्हती. १९४३ मध्ये फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा झाला, १९४७ मध्ये बेटावर पहिली मोटार उतरली. सगळा रस्ता व्हायला सुमारे वीस वर्षं लागली.

मी स्वतः लग्नानंतर बाहेरून बी.ए. केलं. पोस्टमननं आणलेल्या पाकिटातल्या नोट्स चुलीशेजारी बसून वाचल्या आहेत. त्यामुळे हॅसेलबद्दल मला आपलेपणा वाटणारच. तरीही गोष्ट सांगण्याची ही तऱ्हा मला पटत नाही. जणू पाकीट उघडलं आणि रस्ता बाहेर पडला! हॅसेल त्याच डोंगरात वाढलेला कारागीर होता. कुठला दगड धरतो आणि कुठला ढासळतो, हे त्याला कुठल्याही कोर्सनं शिकवलं नसणार. कोर्सनं हिशेब दिला असेल. आणि वीस वर्षं दगड वाहणारे हात? त्यांची वाक्यं गोष्टीत येतच नाहीत. मुलांना इतिहास शिकवताना मला हीच अडचण यायची. धड्यात एकच नाव मावतं.

आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. दुसऱ्या दिवशी आम्ही विंडवर्डसाइडहून खाली चालत निघालो. पहिल्या वळणावर ह्यांनी कठडा हातानं चाचपला, चढ पाहिला आणि गप्प झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याच्या कामाबद्दल इतके गप्प झालेले मी त्यांना पाहिलेले नाहीत. शेवटी म्हणाले, "अगं, हे पहारीनं केलंय!"

विंडवर्डसाइडला एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाच्या घराचं आता संग्रहालय केलंय. तिथे मी लेसपुढे बराच वेळ उभी होते. टाके इतके बारीक, की चष्मा काढून नाक काचेला लावावं लागलं. या बायका दिवसभराची कामं उरकून, बहुधा दिव्याच्या उजेडात, हे करत असणार. आणि रस्ता होईपर्यंतची सगळी वर्षं त्यांची पुडकी माणसांच्या पाठीवरूनच खाली समुद्राकडे गेली असणार. रस्त्याच्या आधी अर्धशतक बेटाला जगाशी बांधलं ते त्यांनी, आणि गाइडच्या तोंडी मात्र त्या रस्त्यानंतर येतात, खरेदीच्या सदरात.

मी एक रुमाल घेतला. अजून वापरायला काढलेला नाही. ह्यांनी रस्त्याचे शंभरावर फोटो आणलेत, त्यातले निम्मे कठड्याचे. दिवाळीत येणाऱ्या नातेवाइकांनी मनाची तयारी करून यावं.