उजाड नगराची शिरगणती

भिलाईचा नकाशा आधी झाला आणि माणसे मागाहून आली. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सेक्टर, रस्ते, घरे, शाळा जशी कागदावर आखली तशी भुईवर उतरली. २०११ साली प्रगणक दारोदार फिरले आणि या नगरात सहा लाखांहून अधिक माणसे राहतात, हे ठरले. पण ज्या नगरात दारच उरलेले नाही, तेथील माणसे कशी मोजावयाची?

भिलाईहून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर, महानदीच्या काठी सिरपूर आहे. दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी श्रीपूर ती हीच. महाशिवगुप्त बालार्जुन या राजाची आई वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलेले विटांचे लक्ष्मणमंदिर आजही तेथे उभे आहे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्यू एन त्संग कोसल देशात आला. राजधानीचा घेर ४० ली, संघाराम शंभरेक, भिक्षू दहा हजारांच्या आतबाहेर, आणि देवळे सत्तर, असे त्याने लिहून ठेवले. ही राजधानी कोणती, याविषयी विद्वानांत वाद झाला. कनिंगहॅमने चांद्याकडे बोट दाखविले, फर्ग्युसनने वैरागडकडे. पुढे अनेकांनी सिरपूरचा पक्ष घेतला.

हा पक्ष मान्य केला, तर हिशेब करण्याचा मोह होतो. एक ली म्हणजे चारशे ते पाचशे मीटर धरले, तर ४० ली म्हणजे १६ ते २० किलोमीटरांचा घेर; नगर चौरस मानले तर आतील जमीन १६ ते २५ चौरस किलोमीटर. मेक्सिकोतील तेओतिवाकान हे प्राचीन नगर सुमारे २० चौरस किलोमीटरांचे होते आणि त्याची वस्ती लाखाच्या घरात होती. मग श्रीपूरचीही तेवढीच का नसावी?

या प्रश्नाचे उत्तर तेओतिवाकानच्या नकाशातच आहे. सूर्य व चंद्र यांच्या नावांनी ओळखले जाणारे तेथील भव्य पिरॅमिड पूर्वीपासून प्रसिद्ध होते. त्यांवरून नगरात माणसे किती, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हते. १९६२ साली रेने मिलॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून छायाचित्रे घेतली आणि मग ते शेतांतून पायी हिंडले. उंचवटे टिपले, खापरे वेचली, भिंतींचे माग काढले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात दोन हजारांहून अधिक निवासी वाडे दिसू लागले. एका मोठ्या वाड्याची बाजू सुमारे ६० मीटर. त्यात अनेक कुटुंबे एकत्र नांदत. वाड्यात साठ ते शंभर माणसे धरून मिलॉन यांनी सव्वा लाखाचा अंदाज केला. जॉर्ज काउगिल यांच्यासारख्या पुढील अभ्यासकांनी तो कमी करून लाखाच्या आसपास, किंवा त्याहूनही खाली आणला. आकडा बदलला, पण रीत टिकली, कारण तो आकडा घेराच्या गुणाकारातून नव्हे, राहत्या घरांच्या मोजणीतून आला होता. घेरात तळी येतात, बागा येतात, मोकळी मैदाने येतात. माणसे येतीलच असे नाही.

ही रीत महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे आडवे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. ते नगर नव्हते, गाव होते. परंतु चूल, बळद आणि अंगण यांवरून माणसांचा माग काढावयाचा, हा धडा तेथे घालून दिला गेला.

सिरपूरचे उत्खनन निराळ्या वाटेने गेले. १९५० नंतरच्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने आनंदप्रभु कुटी विहार उजेडात आणला. इसवी सन २००० नंतर अरुणकुमार शर्मा यांच्या उत्खननांनी सुरंग टीला, आणखी देवळे व विहार, तसेच बाजारपेठेचे अवशेष पुढे आले. हे कार्य मोलाचे आहे. परंतु देवळे आणि विहार जेवढे मोठे, तेवढे ते आधी दिसतात. मातीच्या भिंतींचे घर खणल्यावाचून दिसत नाही. म्हणून आजचा नकाशा पाहणाऱ्यास श्रीपूर हे भिक्षूंचे आणि देवांचे नगर वाटते.

तसे ते असणे शक्य नाही. लक्ष्मणमंदिराच्या शिलालेखातच देवळाच्या खर्चासाठी गावे लावून दिल्याची नोंद आहे. त्या गावांत भात पिकविणारे होते, तो नगरात वाहून आणणारे होते, मंदिराच्या विटा थापणारे व भाजणारेही होते. राणीचे नाव शिलेवर राहिले. यांची नावे कुठेच नाहीत. त्यांची दखल घेण्याचे साधन एकच आहे: देवळांपलीकडची शेते पायी तुडवून, खापरे आणि जोती नोंदवून केलेला संपूर्ण नकाशा. नांगर आणि नवी बांधकामे त्या खुणा पुसण्यापूर्वी तो व्हावयास हवा. भिलाईच्या नकाशाने माणसांसाठी घरे आखली. सिरपूरच्या नकाशाला घरांवरून माणसे शोधावयाची आहेत.