नांवांच्या गर्दींत हरवलेले पूर्वज

आपल्या आज्या-पणज्यांविषयीं कांहीं कळावें अशी इच्छा बहुधा प्रत्येकाच्या मनांत केव्हां ना केव्हां उत्पन्न होते. राजेरजवाड्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्यास भाट व बखरकार असतात; सामान्य कुळांचा इतिहास मात्र दोन-तीन पिढ्यांपलीकडे धूसर होत जातो. तरीही आडनांव विरळा असेल, तर जुन्या दप्तरांतून त्याचा धागा हातीं लागण्याचा संभव असतो. परंतु ज्या देशांत एकेका गांवांत चार-पांच ‘जॉन जोन्स’ एकाच वेळीं नांदत, तेथें पूर्वजांचा शोध करणाराची काय गत होत असेल? हा देश म्हणजे वेल्स. तेथील संशोधकांनीं ह्या अडचणींतून जो मार्ग काढला, तो इतिहासाची आवड असणाऱ्या कोणासही उद्बोधक वाटेल.

प्रथम ही अडचण उद्भवली कशी, तें पाहूं. वेल्समध्यें पूर्वीं आडनांव असें नव्हतेंच. मुलाच्या नांवापुढें ‘अप्’ किंवा ‘अब्’, म्हणजे ‘चा मुलगा’, हा शब्द घालून बापाचें नांव जोडीत. मुलीच्या नांवापुढें ‘फर्ख’ येई. आपल्याकडेही स्वतःच्या नांवामागून बापाचें नांव येतें. पण त्यापुढें आडनांव असल्यामुळें कुळाची खूण राहते. वेल्समध्यें बापाचें नांव हीच काय ती खूण, आणि ती दर पिढीस बदले. १५३६ व १५४३ च्या कायद्यांनीं वेल्स इंग्लंडच्या कारभारांत पुरतें सामील झाल्यावर बड्या घराण्यांनीं इंग्रजी रिवाजाप्रमाणें कायमचीं आडनांवें घेतलीं. शेतकरी व मजूर ह्यांच्यांत मात्र जुनी चाल कित्येक ठिकाणीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. अप् हॉवेलचा पॉवेल झाला, अप् रीसचा प्राइस व अब् ओवेनचा बोवेन झाला. परंतु मुलांस ठेवावयाचीं नांवें थोडीं. जॉन, विल्यम, डेव्हिड, थॉमस, इव्हान हींच घरोघर. त्यामुळें जॉनचीं मुलें जोन्स, डेव्हिडचीं डेव्हिस, अशा मूठभर आडनांवांत सारा देश सामावला.

ह्याचें एक उदाहरण आपल्या परिचयाच्या घराण्यांतलेंच आहे. कालिदासाच्या शाकुंतलाचें १७८९ त इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे व कलकत्त्यास १७८४ त एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स ह्यांचें नांव सुशिक्षित वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचे वडील, त्यांचेंही नांव विल्यम जोन्सच, हे १६७५ त अँगलसी बेटावर जन्मले. परिघाचें व्यासाशीं जें प्रमाण, त्यास ‘पाय’ हें ग्रीक अक्षर १७०६ त प्रथम त्यांनींच योजिलें. पण ह्या गणितज्ञाच्या बापाचें नांव होतें श्योन श्योर, म्हणजे जॉन जॉर्ज. बाप ‘जॉर्ज’, मुलगा ‘जॉन’वरून ‘जोन्स’, आणि नातू पुनः ‘जोन्स’च! नातवापाशीं येऊन आडनांव स्थिर झालें. आडनांवाच्या आधारें मागें जाणारा संशोधक अँगलसींत ‘जोन्स’ आजोबा शोधीत बसला असता, तर त्याला ते कधींच सांपडले नसते.

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, तेव्हां हा घोटाळा सरकारच्याही नजरेस आला. जॉन जोन्स हें नांव धारण करणें म्हणजे वेल्समध्यें अज्ञातवासांत राहण्यासारखेंच आहे, अशा आशयाचा शेरा नोंदणी-प्रमुखानें १८५३ च्या अहवालांत मारलेला आहे.

पण गांवकऱ्यांना अशी अडचण कधींच पडली नाहीं. त्यांनीं माणसें ओळखण्याची आपली रीत केव्हांच बसविली होती. कोणी जोन्स दूधवाला, कोणी इव्हान्स कोळसेवाला, कोणी आपल्या शेताच्या किंवा घराच्या नांवानें प्रसिद्ध. जॉन ह्यूज नांवाचा रेल्वेंतील एक कारकून पुढें लानिड्लोस येथें स्टेशनमास्तर झाला. तो आपल्या दरींतील नदीचें नांव घेऊन ‘केरियोग’ ह्या नांवानें कविता लिही, व आज त्याच नांवानें तो ओळखला जातो. संशोधकांनीं गांवकऱ्यांपासून हाच धडा घेतला. नांव फसवितें, पण धंदा सहसा फसवीत नाहीं. म्हणून माणूस शोधावयाचा तर त्याचें काम शोधावें.

ही पद्धति कशी चालते हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबास एवढेंच ठाऊक आहे कीं आपला पूर्वज जॉन जोन्स १८३० च्या सुमारास कर्नार्व्हन परगण्यांत जन्मला, व तो खलाशी होता. नुसत्या नांवावरून असे शेंकडों जोन्स सांपडतील. परंतु १८४५ पासून १८५३ पर्यंत व्यापारी जहाजांवरील खलाशांस सरकारी तिकीट घ्यावें लागे. त्याच्या नोंदवहींत जन्मतिथि, जन्मगांव, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरील खुणा, शिवाय लिहितां येतें कीं नाहीं, हेंही टिपलेलें असे. एवढ्यानें शेंकडोंचे दहा-बारा उरतात. पुढें जहाजांच्या नोकरपटांत वय, जन्मस्थान, हुद्दा व आधींच्या जहाजाचें नांव येतें. अबरिस्टविथ बंदराच्या जहाजांचे १८५६ ते १९१४ चे असे पट वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत असून ते आतां संगणकावर घरबसल्या पाहतां येतात. १८४१ च्या खानेसुमारींत जन्म त्याच परगण्यांत झाला कीं नाहीं एवढेंच विचारलें होतें. १८५१ पासून मात्र जन्माचें पॅरिश लिहूं लागले. लग्नाच्या दाखल्यावर तर वधूवरांच्या वडिलांचीं नांवें व धंदे असतात. तेथें ‘बाप विल्यम, पाटीच्या खाणींतील मजूर’ असें लिहिलेलें निघालें, कीं मग १८१३ नंतरच्या बाप्तिस्म्याच्या वहींत, जेथें बापाचा धंदा व वस्ती लिहिण्याचा स्वतंत्र रकाना आहे, तोच विल्यम शोधावयाचा. कुटुंब स्वतंत्र चॅपलचें असेल तर त्या पंथाच्या वह्या पाहावयाच्या. नांव, गांव, वय, धंदा ह्या चारही गोष्टी जुळल्या, तरच तो आपला.

प्रत्येक धंद्याचें दप्तर निराळें. गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजारांत हांकून नेणाऱ्यांस १५६३ च्या कायद्यानें न्यायाधीशांचा परवाना काढावा लागे. वय तिसाहून अधिक, घरदार व लग्नकार्य असलेल्यासच तो मिळे. ह्याच धंद्यांतून आलेल्या एका डेव्हिड जोन्सनें १७९९ त लॅन्डोव्हरी येथें ‘काळ्या बैलाची पेढी’ काढली, ती १९०९ पर्यंत चालली. शिकाऊ उमेदवारांच्या करारांवर १७१० पासून मुद्रांककर होता, म्हणून त्यांच्या नोंदी १८११ पर्यंतच्या राहिल्या आहेत. रेल्वे कंपन्यांच्या वह्यांत नेमणूक, बदली, दंड, सारें सांपडतें.

ह्या दप्तरांत कष्टांचा इतिहासही आपोआप उतरला आहे. शाळेची पाटी ज्या दगडाची होते, त्या दगडाच्या उत्तर वेल्समधील खाणींत तिघां-चौघांची टोळी खडकाचा एक भाग ठरावानें घेई व त्याचा दर महिन्याचे महिन्यास अधिकारी ठरवी. पेन्‌रिन खाणींत १९०० ते १९०३ अशीं तीन वर्षें मालक व सुमारें २८०० कामगार ह्यांचा झगडा चालला. ‘ह्या घरांत फितूर नाहीं’ अशा पाट्या बेथेस्डा गांवांत खिडक्यांत झळकत. आपला पूर्वज त्या खिडकीआड होता कीं कामावर परतलेल्यांत, हें जाणण्याची इच्छा आजही तेथील कित्येक घरांत असेल, व भीतिही असेल. कोळशाच्या खाणींतील मजुरांचे पट फार थोडे टिकले. पुष्कळांचें नांव व काम प्रथम लिहिलें गेलें तें अपघातांत मेलेल्यांच्या यादींत. सेंघेनिड येथें १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं ४३९ कामगार एकाच स्फोटांत गेले. त्यांतील किती जोन्स, किती डेव्हिस व किती इव्हान्स! आणि १८४२ च्या बाल-मजुरीच्या अहवालांत सहा-सात वर्षांच्या मुलामुलींनीं अंधारांत हवेचीं दारें राखण्याविषयीं सांगितलेल्या हकीगती नांवांसह छापल्या आहेत. धनिकांनीं आपल्या हिशेबासाठीं लिहिलेल्या वह्यांनीं गरिबांचें अस्तित्व जपावें, हा इतिहासाचा एक विलक्षण न्याय म्हणावयाचा.

पण हा न्याय अपुरा आहे. स्त्रियांचें काम ह्या वह्यांत क्वचितच येतें. दूध काढणारी, लोंकर विंचरणारी, खलाशी नवरा समुद्रावर असतां शेत राखणारी जी गृहिणी, तिच्या नांवापुढील रकाना खानेसुमारींत बहुधा कोराच. दुसरा धोका संशोधकाच्या मनांतलाच असतो. चार खुणांपैकीं दोन जुळल्या, कीं उतावळा मनुष्य परक्याच्या आजोबास आपला म्हणून घरीं आणतो. त्यानें आपल्या वंशास एक खोटा पूर्वज तर मिळतोच, पण खऱ्या पूर्वजास दुसऱ्यांदा विसरल्यासारखें होतें.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, ह्या शोधांतील खरी कसोटी चिकाटीपेक्षां प्रामाणिकपणाची आहे. पुरावा नसेल तेथें वंशवृक्षाची फांदी मोकळी सोडण्याचें धैर्य पाहिजे. तसें धैर्य ठेवून जो शोधील, त्याला कदाचित् राजा किंवा सरदार सांपडणार नाहीं. सांपडेल तो पांच फूट पांच इंच उंचीचा, हातावर व्रण असलेला, सही न येणारा एक खलाशी. पण तो हजारों जॉन जोन्सांतून निवडून काढलेला त्याचाच जॉन जोन्स असेल. त्या माणसास इतकें तरी देणें त्याच्या वंशजांस खास लागतें.