चाकवत, चक्कोता, चक्रवर्ती कूरा : भाजी एकच, नावं तीन

हैदराबाद : देगलूर-उदगीरकडचा चाकवत कन्नड मुलखात 'चक्कोता सोप्पू' होतो अन् तेलुगूत 'चक्रवर्ती कूरा'. हिंदीवाले त्यालाच बथुआ म्हणतात. 1956 पर्यंत नांदेड, बिदर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे नावांची ही सरमिसळ सीमाभागात कुणाला नवी नाही. शास्त्रीय नाव मात्र सगळीकडे एकच, चिनोपोडियम आल्बम. चिनोपोडियम म्हणजे हंसाचा पाय. पानाच्या आकारावरून हे नाव पडलं.

पालक, बीट आणि हल्ली मॉलमध्ये महागात विकला जाणारा किनोआ हे सगळे या चाकवत कुळातलेच. 1998 च्या नव्या वर्गीकरणात हे कुळ राजगिऱ्याच्या कुळात सामावून घेतलं गेलं. म्हणजे राजगिरा आणि चाकवत आता एकाच घरचे. उपवासाला मात्र एकच चालतो, तिथे वनस्पतिशास्त्राचं कुणी ऐकत नाही!

नावांचा घोळ इथेच संपत नाही. आपल्याकडे 'पालक' म्हणून विकल्या जाणाऱ्या जुडीत बऱ्याचदा बीटचाच पानाळ प्रकार असतो. खरा पालक वेगळा. म्हणूनच भाजीचं पोषण सांगताना आधी वनस्पती कोणती ते ठरवावं लागतं.

हे काम हैदराबादच्या तारनाका भागातल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं केलंय. 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू झालेलं केंद्र 1958 मध्ये हैदराबादला आलं. याच संस्थेनं 2017 मध्ये देशभरातून नमुने गोळा करून 528 खाद्यपदार्थांचे तक्ते छापले. त्यात प्रत्येक वनस्पतीपुढे शास्त्रीय नाव आहे. त्यानुसार 100 ग्रॅम चाकवतात सुमारे 200 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तर पालकात 80 च्या आसपास. लोह दोन्हींत जवळपास सारखंच, तीन मिलिग्रॅमच्या आतबाहेर. पालक खाल्ला की रक्त वाढतं, ही समजूत जुन्या तक्त्यातल्या फुगलेल्या आकड्यांवर पोसली गेली. 1971 च्या तक्त्यात पालकाचं लोह 10 मिलिग्रॅमच्या वर होतं.

आकडा मोठा म्हणून सगळं अंगी लागतंच असंही नाही. या कुळातल्या भाज्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. पानं उकडून पाणी टाकून दिलं तर ऑक्झलेट थोडं कमी होतं.

किनोआवरचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठात झालं. कधी पेरावा, ओळीत अंतर किती ठेवावं, याच्या चाचण्या तिथे घेतल्या गेल्या. फुलोऱ्यात कडक ऊन लागलं की दाणा नीट भरत नाही, म्हणून आपल्याकडे तो रब्बीचं पीक. दाण्यावर कडू सॅपोनिन असतं, ते धुऊन काढावं लागतं. प्रथिनं 13 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण राजगिऱ्याइतकीच.

गंमत अशी की, किनोआची जाहिरात होते आणि त्याचा सख्खा भाऊबंद गव्हात 'तण' म्हणून मारला जातो. रुंद पानांच्या तणांवर मारलेलं 2,4-डी चाकवतालाही जाळतं. शेतकऱ्याची अडचणही खरी आहे : एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्या जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि गव्हाचं उत्पन्न घटवतात. पण बांधावरची फुकटची भाजी गेली की ती पहिल्यांदा मजूर बाईच्या ताटातून जाते. हैदराबादपासून शंभरेक किलोमीटरवर, जहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित महिला शेतकरी अशा न पेरता उगवणाऱ्या भाज्यांची नोंद ठेवतात, त्या खातात आणि इतरांना दाखवतात.

चाकवत ओळखायचा तर कोवळं पान उलटून बघावं. खाली पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. याच कुळातलं उग्र वासाचं, गडद पानांचं तणही शेजारीच उगवतं, ते घेऊ नये. फवारलेल्या रानातला चाकवत तर अजिबात खुडू नये.