बारा जून, सकाळी दहा

7 जानेवारी 1971. रायबरेली मतदारसंघातल्या मुन्शीगंजच्या सभेत यशपाल कपूर भाषणाला उभे राहिले. ते पंतप्रधानांच्या सचिवालयात विशेष कार्याधिकारी होते, म्हणजे राजपत्रित सरकारी नोकर. नोकरीचा राजीनामा त्यांनी अजून दिलेला नव्हता. तो 13 तारखेला दिला. 19 तारखेला ते कलानच्या सभेतही बोलले. राजीनामा मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली 25 तारखेला, आणि तो 14 तारखेपासून मंजूर झाल्याचं तिच्यात लिहिलेलं होतं.

महिनाभर आधी राजीनामा दिला असता, तर या मुद्द्यावर खटला उभाच राहिला नसता.

मार्च 1971. इंदिरा गांधींनी राजनारायण यांचा 1,11,810 मतांनी पराभव केला. एवढ्या फरकापुढे एका अधिकाऱ्याच्या दोन भाषणांची दखल कोण घेणार? 24 एप्रिलला राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. त्यांचे वकील होते शांतिभूषण.

3 डिसेंबर 1971. पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि बाह्य आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी जाहीर झाली. चौदा दिवसांत युद्ध संपलं. आणीबाणी मागे घेतली गेली नाही. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

8 जानेवारी 1975. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहिलं. वटहुकूम तयार ठेवावा, अटक करायच्या माणसांच्या याद्या मागवाव्यात, असं त्यात होतं. अलाहाबादच्या निकालाला तेव्हा पाच महिने अवकाश होता.

18 मार्च 1975. इंदिरा गांधी अलाहाबादला साक्षीसाठी आल्या. पदावर असलेल्या पंतप्रधानांनी अशी साक्ष देण्याची ही पहिलीच वेळ. न्यायालयात उठून उभं राहायचं ते फक्त न्यायाधीशांसाठी, त्यामुळे त्या आत आल्या तेव्हा कोणी उठायचं नाही असं आधीच ठरलं होतं. आपण उमेदवार व्हायचं नेमकं कधी ठरवलं, या प्रश्नाभोवती उलटतपासणी फिरत राहिली. त्यांचं म्हणणं होतं 1 फेब्रुवारी 1971, अर्ज भरला तो दिवस. न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी निकालात तारीख धरली 29 डिसेंबर 1970. या दोन तारखांच्या मधल्या महिनाभरात कपूर यांची दोन्ही भाषणं येत होती.

12 जून, सकाळ. मॉस्कोतले भारताचे राजदूत आणि इंदिरा गांधींचे जुने सल्लागार दुर्गाप्रसाद धर यांचं दिल्लीत निधन झालं.

12 जून, सकाळी 10. अलाहाबाद, कोर्ट क्रमांक 24. निकालपत्र 258 पानांचं. न्या. सिन्हा यांनी फक्त शेवटचा आदेश वाचला. बहुतेक आरोप फेटाळले गेले होते. टिकले ते दोन: कपूर यांच्याकडून करून घेतलेलं निवडणुकीचं काम, आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांकडून उभारून घेतलेले सभामंच, ध्वनिक्षेपक, वीज. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(7) खाली दोन्ही भ्रष्टाचार. निवडणूक रद्द, सहा वर्षं अपात्र.

निकालानंतर काही वेळात, तिथेच. इंदिरा गांधींच्या वकिलांनी स्थगितीचा अर्ज कोर्टातच हाताने लिहून काढला. काँग्रेस संसदीय पक्षाला नवा नेता निवडावा लागेल, त्याला वेळ हवा, तोवर कारभार अडेल, असं कारण दिलं होतं. न्या. सिन्हा यांनी 20 दिवसांची स्थगिती दिली. मी या अर्जापाशी दर वेळी थांबतो. त्या सकाळी त्यांच्या वकिलांनाही पुढची वाट नव्या नेत्याचीच दिसत होती. देशाला श्वास घ्यायला 20 दिवस मिळाले होते. त्यातले 13 दिवसच वापरले गेले.

12 जून, संध्याकाळ. गुजरात विधानसभेची मोजणी. काँग्रेस हरली, जनता मोर्चा पुढे गेला.

20 जून. दिल्लीच्या बोट क्लबवर इंदिरा गांधींच्या पाठिंब्यासाठी प्रचंड सभा. गेला आठवडाभर सरकारी बसगाड्या भरून माणसं 1, सफदरजंग रोडवर आणली जात होती.

अपील दाखल होण्याआधी. केंद्रीय कायदामंत्री हरिभाऊ गोखले, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीकालीन न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांना फोन करून भेट मागितली. अपील करायचं असेल तर रजिस्ट्रारकडे दाखल करा, भेटीची गरज नाही, असं अय्यर यांनी सांगितलं. त्या पंधरवड्यात इतक्या साध्या शब्दांत ‘नाही’ म्हणणारे फार थोडे निघाले.

23 जून. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी. इंदिरा गांधींच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला, समोर शांतिभूषण. पालखीवाला तीनच दिवसांनी हे वकीलपत्र सोडणार होते.

24 जून. कृष्ण अय्यर यांचा आदेश: सशर्त स्थगिती. पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बसता येईल, बोलता येईल. खासदार म्हणून मत देता येणार नाही, मानधन घेता येणार नाही. पद शाबूत राहिलं, मतदानाचा हक्क गेला. हवी होती ती संपूर्ण स्थगिती. ती मिळाली नाही.

25 जून, सकाळ. रे दिल्लीतच होते. त्यांना 1, सफदरजंग रोडवर बोलावणं आलं. देशात अराजक माजू घातलंय, काहीतरी करायला हवं, असं इंदिरा गांधींनी सांगितलं. रे यांनी वेळ मागून घेतला आणि राज्यघटना उघडली. दुपारनंतर ते कलम 352 घेऊन परतले: अंतर्गत अशांतता. देशात अशी अशांतता असल्याचा एकही अहवाल तोवर गुप्तवार्ता विभागाकडून गृह मंत्रालयाला गेलेला नव्हता.

25 जून, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. दोघं राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटले. राष्ट्रपतींनी ऐकून घेतलं आणि शिफारस पाठवायला सांगितलं. मंत्रिमंडळाची बैठक बोलावणं भाग होतं. घाईच्या प्रसंगी बैठकीआधी निर्णय घेऊन नंतर मंजुरी घेता येते, असा कामकाजाच्या नियमांत नियम 12 आहे. तो शोधून काढण्यात आला.

25 जून, संध्याकाळ. रामलीला मैदान. विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण बोलत होते. पोलिसांनी आणि लष्कराने बेकायदा हुकूम पाळू नयेत, असं आवाहन त्यांनी केलं. लोकसंघर्ष समिती जाहीर झाली: अध्यक्ष मोरारजी देसाई, सचिव मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख. सत्याग्रह सुरू व्हायचा होता 29 जूनला. चार दिवस हातात आहेत, असं मैदानातून घरी निघालेल्या माणसांना वाटत होतं.

रात्री 10.30. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावण्यात आलं. अंतर्गत आणीबाणी लावायची असल्याचं त्यांना तिथेच कळलं. एक आणीबाणी लागू आहेच, तिच्याखालचे अधिकार वापरता येतील, असं त्यांनी सुचवलं. त्याचा विचार झाला आहे, पुरणार नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी राष्ट्रपतींच्या नावाच्या पत्रावर सही केली. पत्र गृहमंत्र्यांच्या नाममुद्रेच्या कागदावर नव्हतं. ते साध्या कोऱ्या कागदावर टंकलेलं होतं. त्या रात्रीची नेमकी हरकत घेतली होती या एका माणसाने. ती एका वाक्यापुढे गेली नाही.

रात्री 11.15. राष्ट्रपती भवन. सचिव के. बालचंद्रन यांच्यापुढे राष्ट्रपतींनी पंतप्रधानांचं ‘अत्यंत गोपनीय’ पत्र ठेवलं. मंत्रिमंडळाची बैठक घ्यायला वेळ नाही, असं त्यात म्हटलं होतं. असा निर्णय घटनेत बसत नाही, हे बालचंद्रन यांनी सांगितलं. घोषणेचा मसुदाही सोबत नव्हता. थोड्या वेळाने पंतप्रधानांचे सहायक आर. के. धवन तो घेऊन आले.

रात्री 11.45. राष्ट्रपतींची सही.

26 जून, रात्री 2 च्या सुमारास. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज गेली. ‘स्टेट्समन’ आणि ‘हिंदुस्थान टाइम्स’ निघाले, कारण त्यांची वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून यायची आणि ती तोडायची राहून गेली.

पहाटे 3 च्या सुमारास. गांधी शांती प्रतिष्ठान. जयप्रकाश झोपले होते, सकाळी त्यांना पाटण्याला निघायचं होतं. पोलिसांनी उठवलं. वय 72. संसद मार्ग पोलीस ठाण्यात ते एवढंच म्हणाले: ‘विनाशकाले विपरीत बुद्धी.’ मोरारजींनाही घरातून नेलं. नानाजी देशमुख निसटले.

पहाटे 4.30. मंत्रिमंडळ सचिव बी. डी. पांडे यांचा फोन वाजला. सहा वाजता बैठक आहे.

सकाळी 6. मंत्री जमले. ज्या निर्णयाला मंजुरी द्यायची, त्यावर सही होऊन सहा तास उलटले होते, आणि ज्यांना पकडायचं होतं त्यातले पुष्कळ जण पकडलेही गेले होते. स्वर्णसिंग यांनी एक शंका विचारली. बैठक अर्ध्या तासात आटोपली.

आदल्या संध्याकाळी दिल्लीत मंत्री हजर होते, फोन चालू होते. वेळ नव्हता असं मला कोणी कितीही सांगितलं तरी मी मानणार नाही.

सकाळी 8 च्या सुमारास. आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज. घाबरण्याचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं.

त्याच सकाळी, बंगळूर. पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी खासदार आले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे मधू दंडवते यांना अटक झाली.

27 जून. कलम 14, 21 आणि 22 साठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. पुढे एकूण 1,10,806 माणसं तुरुंगात गेली, असं आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मोजलं.

ऑगस्ट 1975. संसदेने निवडणूक कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून लागू होईल असा. उमेदवारी अर्ज भरल्यापासूनच धरायची. राजीनाम्याची तारीख अधिसूचनेत असेल तीच मानायची.

7 नोव्हेंबर 1975. सर्वोच्च न्यायालयाने बदललेल्या कायद्याप्रमाणे रायबरेलीची निवडणूक वैध ठरवली. कागदावर यशपाल कपूर 14 जानेवारीलाच नोकरीतून मोकळे झाले होते आणि इंदिरा गांधी 1 फेब्रुवारीला उमेदवार झाल्या होत्या. मधू दंडवते त्या दिवशी तुरुंगात होते.