मुंबईच्या कापडगिरण्या : बाहेरची परिस्थिती आणि आतली घडण

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा दोन निरनिराळ्या अंगांनी लिहिला गेला आहे. एका अंगाने पाहणाऱ्यांना लँकेशायरची स्पर्धा, सरकारचे जकातधोरण, चीनची बाजारपेठ, महायुद्ध आणि मंदी दिसतात, तर दुसऱ्या अंगाने पाहणाऱ्यांना मालकांची कारभारपद्धती, यंत्रांची निवड, कामगारांची भरती आणि संप दिसतात. धंद्यावर परिणाम करणाऱ्या बाह्य आणि अंतर्गत घटकांची ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. परंतु मुंबईच्या बाबतीत ती फार दूर नेता येत नाही. गिरणीच्या आत जे जे जुनाट आणि न बदलणारे म्हणून पुढे टीकेचा विषय झाले, ते मुळात बाहेरच्या कुठल्यातरी परिस्थितीतून मालकांनी काढलेली वाट होती. परिस्थिती पालटली तरी वाट तीच राहिली, आणि १९२० नंतर या धंद्याला जी घरघर लागली तिचे बरेचसे कारण या विसंगतीत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तेथे सूत निघू लागले. कंपनी स्थापन होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती आणि पुढच्या दोन दशकांत तिचे फाटे खानदेश-वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यापर्यंत गेले. बंदर हाताशी होते आणि सूतकताईला मानवणारी दमट हवा समुद्र फुकट पुरवत होता. उणीव होती ती कोळशाची, कारण तो लांबून आणावा लागे आणि महाग पडे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये वीज येऊ लागेपर्यंत ही अडचण कायम राहिली. यंत्रे आणि ती चालवणारे सुरुवातीचे तंत्रज्ञ लँकेशायरमधून येत, म्हणजे ज्या प्रांताशी स्पर्धा करायची त्याच्याच कारखानदारांकडून चात्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांतील फिरते दांडे, विकत घेऊन हा धंदा उभा राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव कडाडून मुंबईत अमाप पैसा आला. मात्र तो गिरण्यांपेक्षा शेअरच्या सट्ट्यात आणि समुद्र बुजवण्याच्या योजनांत अधिक गेला आणि १८६५ च्या उन्हाळ्यात त्यातला पुष्कळसा बुडाला. गिरण्यांची खरी वाढ त्यानंतरची, १८७० नंतरची आहे.

१८६५ च्या घसरगुंडीने गुंतवणूकदार धास्तावलेला होता. नव्या कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता, परंतु एखाद्या नामांकित पेढीच्या शब्दावर तो पैसा लावी. मॅनेजिंग एजन्सी या पद्धतीला मुंबईत जो जोर आला तो या मनःस्थितीमुळे. कंपनी भागधारकांची असे, पण तिचा सगळा कारभार दीर्घ मुदतीच्या करारान्वये एका व्यापारी पेढीकडे सोपवलेला असे. भांडवल गोळा करणे, कर्जाला हमी देणे, कापूस व यंत्रे खरेदी करणे आणि माल विकणे ही सर्व कामे तीच पेढी करी. सुरुवातीच्या अनेक करारांत या पेढीचा मोबदला नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर ठरलेला होता आणि दर रतल सुतामागे पाव आणा हा त्याचा रूढ दर होता. रतल म्हणजे पौंड, आणि सोळा आणे मिळून एक रुपया, एवढे लक्षात घेतले की पाव आणा क्षुल्लक वाटतो. परंतु वर्षाकाठी लाखो रतल सूत काढणाऱ्या गिरणीत या हिशेबाने पेढीची मोठी रक्कम निश्चित होई, मग भागधारकांच्या पदरात काही पडो वा न पडो. बाजारात माल तुंबला असतानाही गिरणी पूर्ण वेळ चालवण्यात एजंटाचा फायदा होता. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघात उत्पादन आवरते घेण्याच्या गोष्टी वेळोवेळी निघत. ज्यांची कमाई वजनावर मोजली जात होती त्यांच्याकडून तसा निश्चय पाळला जाणे अवघडच होते. जमशेटजी टाटा यांनी १८८० च्या दशकात स्वदेशी मिलसाठी नफ्यावर आधारलेले कमिशन स्वीकारले आणि ही रीत पुढे हळूहळू पसरली, तरी उत्पादनाकडे पाहण्याची जुनी नजर तिच्याबरोबर गेली असे म्हणता येत नाही.

एवढे सूत विकले जात होते ते प्रामुख्याने चीनमध्ये. सुताची जाडी ‘नंबर’ने मोजतात, ८४० यार्डांच्या जितक्या लडी एका रतलात बसतील तितका त्या सुताचा नंबर, म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आखूड धाग्याच्या देशी कापसातून वीस नंबरपर्यंतचे जाडेभरडे सूत चांगले निघे, आणि नेमके तसेच सूत चिनी हातमागवाल्यांना हवे होते. मुंबईच्या ज्या पारशी आणि बगदादी यहुदी पेढ्यांनी गिरण्या काढल्या, त्यांतील अनेकांचा चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार आधीपासून होता. सासूनांची दुकाने हाँगकाँग आणि शांघाय येथे होती. गासड्या पाठवायला ओळखीचे बंदर, विकायला ओळखीचा दलाल आणि जाडे सूत मागणारे गिऱ्हाईक असल्यावर माग बसवून कापड विणण्याची निकड फारशी उरली नाही. मुंबईच्या गिरण्यांत चात्या भराभर वाढल्या आणि माग त्या मानाने मागे पडले, याला बाहेरची बाजारपेठ जितकी कारण होती तितकीच पेढ्यांची जुनी व्यापारी नाती कारण होती. कारखानदार म्हणवणाऱ्या या मंडळींचा पिंड शेवटपर्यंत व्यापाऱ्याचाच राहिला, ही गोष्ट त्यांच्या कर्तबगारीचे गोडवे गाणारे लेखक सहसा सांगत नाहीत.

ही बाजारपेठ कशी गेली याचा उलगडा गिरणीत किंवा चीनमध्ये शोधून भागत नाही. तो बराचसा टांकसाळीत सापडतो. चीनचा व्यवहार चांदीत चाले आणि भारताचा रुपयाही चांदीचाच असल्याने दोन्ही चलने बरोबरीने चढत-उतरत. त्यामुळे जगात चांदी स्वस्त होत असताना मुंबईचे सूत चीनमध्ये लँकेशायरच्या सुतापेक्षा स्वस्त पडत गेले. १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. इंग्लंडला दरसाल सोन्याच्या हिशेबात द्यावयाच्या रकमांचा भार कमी व्हावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता. रुपया चांदीपासून तुटून वधारला आणि चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले. याच सुमारास जपानने सूतनिर्यातीवरील आणि कच्च्या कापसाच्या आयातीवरील जकात काढून टाकली; चीन-जपानमधील १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने चिनी बंदरांत परकीयांना कारखाने काढण्याची मुभा मिळाली. मुंबईतून जपानकडे जाणाऱ्या कापसावरचे जहाजभाडे उतरावे म्हणून जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी केली होती. धंद्याच्या दृष्टीने ते योग्य होते. पुढे ओसाकाच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस स्वस्तात मिळू लागला तो याच मार्गाने.

बाहेरच्या बाजारातून माघार घेऊन देशी बाजाराकडे वळावे, तर तेथे जकातीचा प्रश्न होता. लँकेशायरच्या आग्रहाने १८८२ मध्ये सुती कापडावरील आयातजकात रद्द झालेली होती. पैशाच्या टंचाईमुळे ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि तिचा समतोल साधण्यासाठी देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनकर असा तोडगा निघाला. सुताला मात्र दोन्हींतून सूट होती. रकमेच्या मानाने या कराची चीड फार मोठी होती, कारण स्वतःच्या देशात स्वतःच्या कापडावर परक्याच्या समाधानासाठी भरावा लागणारा कर असेच त्याचे स्वरूप होते.

कारखान्याच्या आत याच काळात मुकादमाचे, म्हणजे जॉबरचे, प्रस्थ वाढले. जॉबर हा नावाला खात्यावरचा देखरेख्या. प्रत्यक्षात तो माणसे आणी, कामावर लावी, काढून टाकी, रजा देई आणि या प्रत्येक कृपेबद्दल दस्तुरी, म्हणजे ठरीव लाच, घेई. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. मालक पारशी, भाटिया किंवा यहुदी, व्यवस्थापक अनेकदा इंग्रज, आणि कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे मराठी. या अंतरातून जॉबरची गरज निर्माण झाली हे खरे असले तरी ते अपुरे स्पष्टीकरण आहे. मागणी चढत-उतरत राहणाऱ्या धंद्यात मालकांना कायम माणसांचा बोजा नको होता. उलट कामगारही पेरणीला आणि शिमग्याला गावी जाई, आणि गावची शेती हाच त्याचा आजारपणातला व संपातला आधार होता. रिकाम्या जागा भरण्यासाठी गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी एका दिवसापुरते काम मिळवणारे, जमत आणि त्यांतला कोण आत जाईल हे जॉबर ठरवी. पगार महिना उलटून गेल्यावर मिळत असल्याने मधल्या काळात वाण्याची आणि खानावळीची उधारी चाले, आणि तिलाही बऱ्याचदा जॉबरचीच ओळख लागे. मात्र चाळीत आणि आळीत लोकांनी मान दिला नाही तर फाटकावरचा त्याचा अधिकारही पोकळ ठरे. म्हणून प्रसंगी तो मालकाविरुद्ध माणसांच्या बाजूने उभा राही.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत कामगार बोटींनी व रेल्वेने गावी पळाले, तेव्हा ही व्यवस्था उघडी पडली. उरलेल्या माणसांसाठी गिरण्यांची आपापसांत ओढाताण सुरू झाली, जादा दर देऊ केले गेले आणि कित्येक गिरण्यांनी महिन्याचा पगार सोडून रोजच्या रोज रोकड मोजली. सक्तीच्या काळात शक्य झालेली ही गोष्ट साथ ओसरताच मागे घेण्यात आली. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या टाटांच्या एम्प्रेस मिलला कापूस जवळ आणि कोळसा वरोऱ्याहून मिळत असला तरी माणसे नियमित कामावर येत नसत. तेथील व्यवस्थापनाने बक्षिसे, बोनस, भविष्यनिर्वाह निधी अशा उपायांनी त्यांना टिकवले, आणि लँकेशायर अजून सूतकताईच्या जुन्या म्यूल यंत्रावर विसंबून असताना रिंग चात्याही लवकर बसवल्या. मुंबईत फाटकाबाहेर माणसांची गर्दी असल्याने असा खर्च करण्याची तेथील मालकांना गरज भासली नाही.

चीन हातचे गेल्यावर आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळीने देशी कापडाला गिऱ्हाईक मिळाल्यावर मुंबईत माग वाढले, विणाईखाते मोठे झाले, आणि त्या खात्यात समाजाची एक जुनी भिंत उभी राहिली. धोट्यातली नळी बदलताना विणकर धाग्याचे टोक तोंडाने ओढून घेत असे. हे निमित्त पुढे करून सवर्ण आणि मुसलमान विणकर अस्पृश्यांना या खात्यात येऊ देत नसत, आणि चांगली मजुरी मात्र याच खात्यात होती. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. मालकांनी हा कामगारांचा आपसातला प्रश्न मानला आणि पुढाऱ्यांनी तो नाखुषीने मागण्यांत घेतला. म्हणजे बाहेरून आलेली रूढी कारखान्याचा नियम बनली असताना तिची जबाबदारी घ्यायला आत कोणीच पुढे आले नाही.

पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या तेजीत अफाट नफा झाला. तो राखीव निधीत किंवा नव्या यंत्रांत कमी आणि लाभांशात अधिक गेला. काही कंपन्यांनी भांडवलाचे आकडे फुगवून घेतले. १९२२ नंतर भाव उतरले तेव्हा हे ओझे जाणवू लागले. जपानी कापड दोन पाळ्या चालवणाऱ्या गिरण्यांतून येत होते, अहमदाबाद बारीक धोतर-साड्यांत पुढे गेले होते, आणि १९२७ मध्ये कायद्याने रुपयाचा दर सोळाऐवजी अठरा पेन्स ठरल्याने आयात माल आणखी स्वस्त झाला. मालकांना हाताशी दिसलेला उपाय होता मजुरीचा. १९२५ मध्ये त्यांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली आणि सरकारने उत्पादनकर काढला तर ती मागे घेऊ असे सांगितले. कामगारांनी सुमारे तीन महिने संप केला, डिसेंबरात कर स्थगित झाला आणि कपात मागे घेण्यात आली. तीस वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी जे साधले नव्हते ते चाळीतल्या उपासमारीने साधले, आणि त्याचा लाभ अर्थातच प्रथम मालकांना झाला.

त्यानंतर सासून समूहाच्या गिरण्यांनी विणकराकडे दोनऐवजी तीन माग आणि रिंग यंत्रावरील कामगाराकडे यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू देण्यास सुरुवात केली. कापूस तोच हलका असल्याने धागा वारंवार तुटे, आणि वाढलेल्या मागांवर तो जोडत राहण्याचे श्रम मात्र कामगाराच्या वाट्याला येत. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी केलेल्या संपाच्या मुळाशी ही गोष्ट होती, आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन बलवान झाली. १९३३ मध्ये करीमभाई समूह कोसळला, तेव्हा बड्या पेढीच्या नावावरचा जुना विश्वासही डळमळला.

१९३४ च्या कायद्याने मुंबई सरकारचा लेबर ऑफिसर नेमला गेला आणि १९३५ मध्ये मालकसंघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक माणसांना कार्डे द्यायची, रिकाम्या जागा त्यांनाच द्यायच्या आणि फाटकावरची निवड जॉबरच्या हातून काढून घ्यायची, असा तिचा हेतू होता. कार्ड कोणाला मिळावे हे ठरवताना खात्यातल्या माहितगाराला विचारावे लागे, आणि पुष्कळ खात्यांत तो माहितगार जॉबरच होता. मॅनेजिंग एजन्सीचे आयुष्य त्याहून चिवट निघाले. ती पद्धत ३ एप्रिल १९७० रोजी कायद्याने रद्द होईपर्यंत चालू राहिली.