सालारजंग म्युझियम : आपला वाटा

मराठवाड्यातून हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार आणि सालारजंग म्युझियम पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. नांदेड-लातूरच्या शाळांच्या सहलीही तिथे जातात. घड्याळातून बाहुला बाहेर येतो, टोले देतो, पोरे खूश होतात आणि सहल पुढे निघते. एका नवाबाचा शौक म्हणून आपण हे सारे पाहतो. पण त्यात आपलाही वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मीर तुराब अली खान हे पहिले सालारजंग. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे ते निजामाचे दिवाण होते. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली आणि मराठवाड्याच्या कारभाराला नवी घडी बसली. म्युझियममधली प्रसिद्ध 'रेबेका' त्यांनीच १८७६ मध्ये रोमहून आणली. बेंझोनी या शिल्पकाराने संगमरवरातून असा झिरझिरीत नकाब कोरला आहे की आतला चेहरा दिसतो.

त्यांचे नातू मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९ मध्ये पुण्यात झाला. १९१२ मध्ये ते दिवाण झाले आणि १९१४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी कलावस्तू, हस्तलिखिते आणि ग्रंथ जमवण्यात घालवले. हा पैसा कुठून आला? घराण्याची जहागीर मोठी होती. आपले अजिंठा गावही त्याच जहागिरीत होते. रयतेने शेतीचा सारा भरला, त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. त्या घामाचा अंश या दालनांत आहे.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेबांचे निधन झाले. ते अविवाहित होते. पोलीस कारवाईला सहाच महिने झाले होते. त्याच वर्षी जहागिऱ्याही गेल्या. वारस अनेक. हा संग्रह वाटण्यांत विखुरला असता, तर त्यातले किती आज आपल्याकडे उरले असते? पण सरकारने तो सांभाळण्याचे ठरवले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत म्युझियम खुले झाले. पुढे वारसांशी तडजोड झाली आणि १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. एका घराची दौलत अशी साऱ्या देशाची अमानत झाली.

या अमानतीत आपल्या ओळखीचे बरेच काही आहे. बिदरीची सुरेख भांडी आणि हुक्के आहेत. बिदर तर उदगीरचे शेजारी! काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवणारे ते हात दख्खनचेच होते. बगदादचे खुशनवीस याकूत यांच्या हातचे कुराण शरीफ आहे; त्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब या तिघांच्या सह्या आहेत. अरबी, फारसी, उर्दूची हजारो हस्तलिखिते आहेत. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याच्या दखनी कवितेची सजवलेली पोथी आहे.

ही दखनी आपल्या घरात आजही बोलली जाते. उत्तरेचा माणूस जिथे 'नहीं' म्हणतो, तिथे आपली आजी 'नक्को' म्हणते. हा शब्द मराठीने दिला. मराठी आणि उर्दू यांच्यात भिंत बांधू पाहणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मराठवाड्याचा मुसलमान दोन्ही भाषांचा वारस आहे, आणि त्याची लेखी साक्ष त्या पोथ्यांत आहे.

पण ती साक्ष वाचणार कोण? उर्दू माध्यमाच्या मुलांना ही लिपी येते, तर मराठी शब्द त्यांच्या कानावर रोज पडतात. जुन्या दखनीचे कुलूप उघडायला ही दोन्ही हवीत. म्हणून सहलीला गेलेल्या मास्तरांनी घड्याळ जरूर दाखवावे. मग मुलांना हस्तलिखितांपाशी न्यावे आणि एक ओळ तरी लावायला सांगावी. नवाबांनी जमवले, देशाने जपले. वाचण्याचे काम मात्र आपल्या वाट्याचे आहे.