वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती घेताना : आधी रूळ, मग इंजिन

प्रतिनिधी, जालना

बदनापूर, जालना, रांजणी आणि परतूर या स्थानकांवरून आज ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून १९९० च्या दशकातील रुंदीकरणापर्यंत मात्र हा मार्ग मीटर गेजचा होता. निजामाच्या राजवटीत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद असा हा मार्ग उभारला आणि मराठवाडा मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. निजाम स्टेट रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली. पण रुळांमधील अंतर तेच राहिले. रुंदीकरणानंतर ते रूळ गेले आणि त्यांच्यावरून धावणारी वाफेची इंजिनेही गेली.

ज्यांनी ही इंजिने पाहिली, त्यांच्यापैकी अनेकांना आता त्याची हुबेहूब प्रतिकृती घरात असावी असे वाटते. संगणकावर शोध घेतला की शेकडो इंजिने समोर येतात. छायाचित्रात सगळीच सारखी देखणी दिसतात, किमती मात्र काही हजारांपासून लाखापर्यंत असतात. घाईने मागवलेले इंजिन घरच्या रुळावर बसत नाही, वळणावर घसरते किंवा ज्या गाडीची आठवण जपायची होती ती गाडीच नसते. खेळण्याच्या दुकानातील वस्तूप्रमाणे ती सहज परतही करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी काही मूलभूत बाबी समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रमाण आणि गेज

प्रतिकृतीच्या जगात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला प्रमाण, म्हणजे मूळ इंजिनाच्या किती पट लहान. दुसरा गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. हे दोन्ही आकडे जुळले तरच प्रतिकृती खरी दिसते. प्रचलित प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत. तुलनेसाठी टेंडरसह २० मीटर लांबीचे इंजिन गृहीत धरले आहे.

एन : प्रमाण १:१६०, रूळ ९ मि.मी., प्रतिकृतीची लांबी सुमारे १२.५ सें.मी.

एचओ : प्रमाण १:८७, रूळ १६.५ मि.मी., लांबी सुमारे २३ सें.मी.

ओओ : प्रमाण १:७६.२, रूळ १६.५ मि.मी., लांबी सुमारे २६ सें.मी.

ओ : प्रमाण १:४३.५ (अमेरिकेत १:४८), रूळ ३२ मि.मी., लांबी सुमारे ४६ सें.मी.

जी : प्रमाण १:२२.५, रूळ ४५ मि.मी., लांबी सुमारे ८९ सें.मी.

एचओ हे युरोप व अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे, तर ओओ प्रामुख्याने ब्रिटनमध्ये वापरले जाते. दोन्ही एकाच रुळावर धावतात. मात्र शेजारी ठेवल्यास ओओचे इंजिन मोठे दिसते. एकाच मांडणीत ही सरमिसळ डोळ्यांना खटकते.

भारतीय इंजिनांची अडचण

वरील बहुतेक प्रमाणे १,४३५ मि.मी. या युरोपीय गेजवर आधारलेली आहेत. १६.५ ला ८७ ने गुणले की नेमका हाच आकडा येतो. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मि.मी. असल्याने एचओ प्रमाणात त्याचे रूळ सुमारे १९.३ मि.मी. हवेत. डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी या प्रसिद्ध भारतीय इंजिनांची एचओ प्रतिकृती १६.५ मि.मी. रुळावर धावण्यासाठी बनवली असेल, तर तिची चाके आत सरकवलेली असतात. वरचा भाग रुंद आणि पाय अरुंद असे तिचे रूप दिसते. काचेच्या कपाटात बाजूने पाहताना हे जाणवत नाही. समोरून पाहिले की लगेच लक्षात येते.

मीटर गेजच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. १:८७ प्रमाणात मीटर गेजसाठी १२ मि.मी.चे रूळ वापरतात; त्याला एचओएम म्हणतात. जी प्रमाणाचे ४५ मि.मी.चे रूळ २२.५ ने गुणले तर १,०१२ मि.मी. येतात, म्हणजे जवळजवळ अचूक मीटर गेज. हे प्रमाण लोकप्रिय करणाऱ्या जर्मनीच्या एलजीबीने १९६८ मध्ये ते मीटर गेज समोर ठेवूनच स्वीकारले होते. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या गाडीचे गणित युरोपच्या मुख्य मार्गांवरील गाड्यांशी न जुळता स्वित्झर्लंडमधील ऱ्हेटियन रेल्वेशी आणि जर्मनीतील हार्त्स पर्वतातल्या रेल्वेशी जुळते. या दोन्ही मीटर गेज रेल्वे आहेत आणि त्यांच्या तयार प्रतिकृती सहज मिळतात. बार्शी लाइट रेल्वे किंवा नागपूर परिसरातील ७६२ मि.मी. नॅरोगेज आवडणाऱ्यांसाठी १:८७ प्रमाणात ९ मि.मी.चे रूळ योग्य ठरतात.

आपले इंजिन कोणते?

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मीटर गेजवर दोन वाफेच्या इंजिनांचे राज्य होते. प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी. वायपीची चाकरचना ४-६-२, म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी चालक चाके आणि मागे दोन. अशा रचनेला 'पॅसिफिक' म्हणतात. वायजीची रचना २-८-२, म्हणजे 'मिकाडो'. वायपीच्या चालक चाकाचा व्यास ४ फूट ६ इंच, वायजीचा ४ फूट. जमशेदपूरच्या टेल्कोने ही इंजिने मोठ्या संख्येने बनवली. चित्तरंजन कारखान्यातून १९७२ मध्ये बाहेर पडलेले वायजी हे त्या कारखान्याचे अखेरचे वाफेचे इंजिन ठरले.

खरेदीदाराने या आकड्यांचा उपयोग करावा. वायपीचे चालक चाक १,३७२ मि.मी. व्यासाचे असल्याने १:८७ प्रमाणात ते १५.८ मि.मी. आणि १:२२.५ मध्ये ६१ मि.मी. भरले पाहिजे. विक्रेत्याकडून हा एक आकडा मागवला, तरी प्रतिकृती मापात आहे की अंदाजाने केली आहे, हे कळते.

मोठ्या परदेशी कंपन्यांच्या नेहमीच्या यादीत ही दोन्ही इंजिने नसतात. त्यामुळे जालन्याच्या खरेदीदारापुढे तीन मार्ग उरतात. पितळी पत्र्यातून हाताने घडवलेली प्रतिकृती कारागिराकडून करून घेणे, परदेशी मीटर गेज इंजिन घेऊन त्यावर समाधान मानणे, किंवा मूळ आराखड्यावरून स्वतः घडवणे. पहिला मार्ग सर्वांत खर्चिक, तिसरा सर्वांत वेळखाऊ. कारागिराला काम देताना प्रमाण, गेज, इंजिन नुसते ठेवायचे की चालवायचे, आणि कोणत्या आराखड्यावरून बनवायचे, या चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात.

तपशील कसा तपासावा?

एकाच इंजिनाच्या दोन प्रतिकृतींच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो. हॉर्नबी कंपनीची 'रेलरोड' ही स्वस्त मालिका आणि तिचीच मुख्य मालिका हे त्याचे परिचित उदाहरण. स्वस्त प्रतिकृतीत हाताने धरण्याचे दांडे, पाइप व शिड्या बॉयलरच्या साच्यातच उठावाने घडवलेल्या असतात. महाग प्रतिकृतीत त्या स्वतंत्र तारेच्या असतात. लहान मुलाच्या हातात द्यायचे असेल तर पहिला प्रकारच टिकतो. कपाटात ठेवायचे असेल तर दुसरा.

पुढील बाबी छायाचित्र मोठे करून पाहाव्यात. चाकांच्या आऱ्यांची संख्या मूळ इंजिनाएवढी आहे का? चाकांना जोडणारे दांडे आणि वॉलशर्ट्स पद्धतीची यंत्रणा धातूची व हलती आहे का? इंजिन आणि टेंडर यांमध्ये बोटभर फट तर नाही? कॅबच्या आत मापक व झडपा दाखवल्या आहेत का? क्रमांक व रंग नेमक्या काळातले आहेत का? साच्याच्या जोडाच्या रेषा दिसतात का?

साहित्यावरूनही फरक पडतो. प्लास्टिकवर बारीक नक्षी उत्तम उठते, पण इंजिन हलके होऊन ओढण्याची ताकद घटते. ओतीव जस्तमिश्र धातूचे इंजिन वजनदार असते. पितळी प्रतिकृती संग्राहकांच्या पसंतीच्या. मात्र त्या सर्वच उत्तम धावतात असे नाही.

चालवायचे असेल तर

साधारण इंजिन १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर दोन रुळांतून वीज घेते. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीची एचओ पद्धत वेगळी असून तिच्या रुळांच्या मध्यभागी तिसरा संपर्क असतो. ही इंजिने साध्या दोन रुळी मांडणीवर चालत नाहीत. जाहिरातीत हा मुद्दा बारीक अक्षरांत असतो.

डिजिटल नियंत्रणाच्या म्हणजे डीसीसीच्या बाबतीत तीन शब्दप्रयोग आढळतात. 'डीसीसी रेडी' म्हणजे केवळ खाच तयार, डीकोडर वेगळा विकत घ्यावा लागतो. 'डीसीसी फिटेड' म्हणजे डीकोडर बसवलेला. 'डीसीसी साउंड' म्हणजे शिट्टी व वाफेच्या आवाजासह. खाचेच्या पिनांची संख्या ८, २१ किंवा २२ अशी वेगवेगळी असते. डीकोडर त्यानुसारच घ्यावा.

वळणाची त्रिज्या हा नेहमी दुर्लक्षित राहणारा मुद्दा. ओओतील अनेक मोठ्या इंजिनांना किमान ४३८ मि.मी. त्रिज्येचे वळण लागते. असा पूर्ण गोल मांडायला किमान एक मीटर रुंदीची जागा हवी. म्हणजे आठ बाय चार फुटी प्लायवूडवर तो बसतो, तीन फुटी टेबलावर नाही. जी प्रमाणासाठी दिवाणखाना अपुरा पडतो. गच्ची किंवा अंगण लागते.

अमेरिकेतून संच मागवताना वीजजोडणी तपासावी. तेथील उपकरणे १२० व्होल्टची असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ती थेट लावल्यास जळतात.

किंमत आणि सीमाशुल्क

ब्रिटनमध्ये तपशीलवार ओओ वाफेचे इंजिन २०२० च्या दशकात साधारण दीडशे ते अडीचशे पौंडांना मिळते. जर्मन बनावटीच्या, आवाजासह असलेल्या मोठ्या एचओ इंजिनाला चारशे ते सहाशे युरो पडतात. ही केवळ सुरुवात असते. निर्यातीच्या वेळी अनेक विक्रेते स्थानिक मूल्यवर्धित कर (ब्रिटनमध्ये २० टक्के, जर्मनीत १९ टक्के) वजा करतात. तो वजा झाला का, हे पाहावे. नंतर वाहतूक, विमा, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी आकार यांची भर पडते. जीएसटी हा किंमत अधिक सीमाशुल्क या बेरजेवर लागतो.

सीमाशुल्काच्या वर्गवारीत लहान आकाराच्या प्रतिकृती खेळण्यांच्याच गटात, ९५०३ या शीर्षकाखाली येतात. या गटावरील मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. दुकानदाराने आयात केलेल्या मालाची किंमत त्यामुळेच जास्त असते. वैयक्तिक वापरासाठी टपाल वा कुरिअरने आलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र शीर्षक व दर असून ते अर्थसंकल्पागणिक बदलतात. मागणी नोंदवण्याच्या दिवशीचा दर पाहूनच हिशेब करावा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. संग्राहकांच्या प्रतिकृतींच्या वेष्टनावर बहुधा '१४ वर्षांवरील' असा उल्लेख असतो. विक्रेत्याने तो बिलावरही लिहावा, अशी विनंती केल्यास तपासणीत स्पष्टीकरण सोपे जाते.

जुनी प्रतिकृती घेताना

वापरलेल्या इंजिनांत चांगला व्यवहार होऊ शकतो, पण एक दोष असाध्य असतो. जुन्या जस्तमिश्र ओतीव भागांत शिसे वगैरेंची भेसळ राहिली असेल, तर धातू फुगतो, तडकतो आणि अखेर भुगा होतो. सांगाड्यावर केसासारख्या भेगा किंवा वाकलेपणा दिसल्यास व्यवहार सोडून द्यावा. एकाच धुऱ्यावरील दोन चाकांमधील आतले अंतर एचओ व ओओमध्ये सुमारे साडेचौदा मि.मी. असावे. इंजिन अतिशय संथ चालवून दाखवणारी चित्रफीत मागावी; वेगात धावणारे इंजिन दोष लपवते. मूळ खोके आणि सुटे भाग असलेली पिशवी सोबत असल्यास पुढे विकताना चांगली किंमत येते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिडकीजवळचे कपाट टाळावे. थेट उन्हाने प्लास्टिक वाकते आणि रंग उडतो. धुळीपासून बचावासाठी काच हवीच. वर्षातून एकदा धुऱ्यांना सुईच्या टोकाने प्लास्टिकला चालणारे तेल द्यावे. जास्त तेल धूळ ओढते.

आधी पाहा, मग घ्या

पुण्यात कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभ्या राहिलेल्या या मांडणीत एचओ प्रमाणातील गाड्या प्रत्यक्ष धावताना पाहता येतात. २३ सेंटिमीटरचे इंजिन डोळ्यांना किती भरते, हे तेथे अर्ध्या तासात कळते. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून सुरू आहे. तेथे खरी इंजिने जवळून पाहून दांडे, झडपा आणि खिळ्यांच्या ओळी यांची ओळख करून घेता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही जुनी इंजिने जतन केलेली आहेत. वाफेवर धावणारे मीटर गेज इंजिन पाहायचे असेल, तर निलगिरी पर्वतीय रेल्वेचा प्रवास हा उपाय आहे.

थोडक्यात, खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम कोणती गाडी हवी ते ठरवावे, मग तिचे गेज, मग घरातील जागेला मानवणारे प्रमाण, मग चालवायचे की ठेवायचे, आणि शेवटी किंमत. मनमाड-परभणी मार्गावरचे इंजिन ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी एचओएम किंवा जी ही दोनच प्रमाणे सोयीची आहेत. १६.५ मि.मी.च्या रुळावरचे सुंदर ब्रिटिश इंजिन घरात येईल, शोभूनही दिसेल. पण परतूरच्या फलाटावर थांबणारी गाडी ती नव्हे.